घोड्यावरचा मुराळी

काल नातीसोबत परीकथेचा तो कार्टून सिनेमा हिंदीत पाहिला आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. लहानपणी नागपुरात तो इंग्रजीत पाहिला होता. आम्हाला कुणालाच इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आत्याच माझ्या कानाशी गोष्ट सांगत होती. तिच्या नव्या साडीला खळीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी बाबा तिला पारशिवनीला सासरी सोडणार होते आणि ती सकाळपासून जेवली नव्हती. राजकन्येला कोंडणाऱ्या चेटकिणीला ती सरळ सासूच म्हणत होती.

शेवटी पांढऱ्या घोड्यावरून एक जण आला.

"हा कोन वं आत्या?"

"मुराळी हाये तिचा. भाऊ. माहेरी न्यायले आला."

"अन् सासू?"

"तिले कोन इचारते? भाऊ आला ना आता!" हे मात्र तिनं मोठ्यानं म्हटलं.

इतकी वर्षं मी त्याला भाऊच समजत होते. काल नात हसली, "आजी, तो राजपुत्र आहे. त्यांचं लग्न होतं."

मी उठून गॅलरीत येरझारा घालत राहिले. त्या दिवशी थिएटरात आत्याच्या पलीकडच्या खुर्चीवर बाबा बसले होते. तिचा एकुलता एक भाऊ. ती मोठ्यानं बोलली तेव्हाही त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नव्हती.