बोराटीवरची बिनपंखी

छबूबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला पत्रं लिहायचा कंटाळा, त्यामुळे इतकी वर्षं दोघींचं निभावलं. आता मी चौऱ्याऐंशीची आहे आणि तुम्ही असणं शक्य नाही. तरी सांगते. तुमच्या बांधावरच्या पतंगाला शास्त्रात जागा मिळाली ती तुमच्यामुळे, माझ्यामुळे नाही. पेटीतल्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर मात्र तुमचं नाव नाही. ते कसं राहिलं हे तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. तेव्हा जरा वेळ त्यांच्याकडे वळते. तुम्ही ऐका, आणि मी काही चुकीचं सांगितलं तर तोंडावर सांगा. तशी सवय तुम्हाला होतीच.

तर, १९५७ सालचा जानेवारी. मी पुण्यात प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करत होते. विषय पतंग. नाशिक रस्त्याची एसटी धरायची, कुरुळी फाट्यावर उतरायचं आणि जाळं खांद्यावर टाकून निघोज्यापर्यंत चालायचं. भोसरीला तेव्हा नुसता माळ होता, आणि निघोज्यात बाहेरून आलेलं माणूस म्हणजे मी एकटी. तिथल्या बांधांवर मला आदल्या हिवाळ्यात तीन नर मिळाले होते. नखाएवढे, राखी रंगाचे, पुढच्या पंखावर चुन्याचं बोट लागल्यासारखा ठिपका, मिशा पिसासारख्या. पंखांच्या शिरा मोजून, चित्रं काढून माझ्या मार्गदर्शक सरांनी विलायतेच्या एका संग्रहालयाला पाठवली. उत्तर आलं, आमच्याकडच्या कशाशीच जुळत नाही, मादी पाठवा.

मादी कुठून पाठवणार? दोन हिवाळे शोधूनही एकसुद्धा सापडली नव्हती. सर म्हणाले, "नुसत्या नरावर नवी जात जाहीर केलीत, आणि उद्या तो जुन्याच एखाद्या जातीचा निघाला, तर लोक हसतील. तुम्हालाही आणि मलाही." मेअखेर प्रबंध द्यायचा होता. मादी नाही तर नवी जात नाही, आणि माझी दोन वर्षं पाण्यात.

अशी वैतागून बांधावर उभी होते तेव्हा बोराटीच्या जाळीतून आवाज आला.

"ताई, लगीन झालंय का?"

"नाही."

"तरीच. पाकुळ्यांमागं पळायला येळ घावतो."

छबूबाई बोरं तोडत होत्या. वय पस्तिशीचं, अंगानं काटक, दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे. बोरं चाकणच्या बाजारात जायची. मी डबीतला नर दाखवला आणि याची मादी हवी म्हणून सांगितलं. त्यांनी डबीत पाहिलं आणि खो खो हसल्या.

"ह्यो नवरा हाय. बायकू घरी हाय त्याची."

त्यांनी एक डहाळी वाकवली. कोशावर पिठाच्या गोळ्यासारखं, केसाळ, फुगीर काहीतरी बसलं होतं. असले गोळे मी दोनदा हातात घेऊन फेकून दिले होते.

"ही कसलीतरी अळी आहे," मी म्हणाले.

"अळीचं प्वाट असं असतं व्हय? अंडी हायती त्यात."

"पण पंख कुठेत?"

"पंख कशाला? तिला कुटं जायचंय? ती बसल्या जागी बसती, ह्यो येतो वास काढत. अंडी घालती आन् तितंच मरती."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी बोरं तोडताना सुरवंटाचे केस अंगात शिरले, दोन दिवस घोंगडी अंगावर घासून काढावे लागले. "वैऱ्याचं घर बघून ठेवावं म्हनलं," असं म्हणून त्यांनी चार सुरवंट फुटक्या मडक्यात घातले, वर फडकं बांधलं, रोज बोराटीचा पाला दिला. मोठ्या सुरवंटाच्या बायका होतात आणि बारक्यांचे नवरे, हे त्यांनी तेव्हाच ताडलं. पुढं दर हिवाळ्याला मडकी भरली. सासू वेड लागलं म्हणायची. मी विद्यापीठाचे पैसे खर्चून दोन वर्षांत जे पाहिलं नाही ते या बाईनं भाकरी थापताना चुलीपाशी पाहिलं होतं.

"सरांना पटायला पाहिजे," मी म्हणाले.

"मग ऐतवारी या. पटवू."

रविवारी आले तेव्हा मडक्यात नुकतीच बाहेर पडलेली मादी तयार होती. छबूबाईंनी ती पातळ फडक्यात सैल बांधली आणि बोराटीला अडकवली. मग तसलंच दुसरं फडकं, रिकामं, दहा पावलांवर बांधलं.

"ते कशाला?"

"न्हाईतर तुमी म्हनाल, फडक्यावरच येत्यात."

हे एवढं शहाणपण आमच्या प्रयोगशाळेत येऊन दोन वर्षं झालेल्यांनाही सुचत नसे. तेवढ्यात काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर, "ताई, तोंड मिटा. बगा." सकाळी दहाची वेळ. भाकरी-झुणका खाऊन होईस्तोवर अकरा नर पहिल्या फडक्याला चिकटले. रिकाम्यावर एकही नाही. अकराही तेच, चुन्याच्या बोटाचे. पुढं त्या मादीची अंडी छबूबाईंनी मडक्यात वाढवली. मार्चअखेर एकाच आईच्या पोटचे पंखवाले आणि बिनपंखी दोन्ही निघाले. सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

आता चिठ्ठी. आमच्या कामाचा नियम असा की नमुना मिळाला की जागच्या जागी चिठ्ठी लिहायची. गाव, तारीख, कुणी मिळवला. त्या रविवारीच त्यांच्या अंगणात मी पेन्सिल काढून विचारलं, "तुमचं नाव लिहिते."

"माझं कशाला? बांध मालकांचा. मालकांचं लिवा."

"बरं, मालकांचं नाव?"

छबूबाईंनी पदर पुढं ओढला आणि जमिनीकडं पाहिलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शेवटी ओट्यावरून सासूबाई, रुक्मिणीबाई, ओरडल्या, "सोपान! सोपानराव लिवा." एसटीची वेळ झाली होती. मी लिहिलं.

जूनमध्ये, नव्या जातीवरचा लेख छापायला गेल्यावर, पेटी घेऊन मी मुद्दाम निघोज्याला गेले. छबूबाईंनी हात पदराला पुसले, काचेवर वाकल्या. नर पंख पसरून, शेजारी मादी.

"खाली काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. निघोजे, जानेवारी १९५७, संग्राहक सोपानराव.

मग म्हणाल्या, "त्यांनी तर ती कदी बगितली बी न्हाई." आणि थोड्या वेळानं, हळू, सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "ताई, चिठ्ठी बदलता येती का? नुसतं छबू लिवलं तरी चालंल."

छबूबाई, आता पुन्हा तुमच्याकडे वळते.

मी म्हणाले होते, जुनी काढता येत नाही, पण तिच्याखाली दुसरी टोचता येते. पुण्याला गेले की टोचते, आणि छापील लेख आला की घेऊन येते. तुम्ही म्हणालात, "मग या. म्या बोरं ठिवते." लेखात आभार सोपानरावांचे छापून आले. मला नागपुरात नोकरी लागली, पेटी दुसरी चिठ्ठी न टोचताच विलायतेला गेली. पुढची कारणं सांगत बसत नाही, कारणं नाहीतच. चिठ्ठी घालून एक पाकीट तिकडे पाठवायचं होतं.

चिठ्ठी मी त्याच रात्री लिहिली होती, बारीक अक्षरात, काळ्या शाईनं. 'छबूबाई, निघोजे. मादी यांनी ओळखली.' ती अजून माझ्या टेबलाच्या खणात, टाचण्यांच्या डबीत आहे.