वस्तादांपुढे बोललो तेव्हा

सत्तरी उलटली तरी आमचे वस्ताद रोज पहाटे लंगोट कसूनच तालमीत येत. स्वतः कुस्ती सोडून जमाना झाला होता. "लंगोट सैल झाला की माणूस सैल होतो," म्हणायचे.

शनिवार पेठेतल्या त्या तालमीत चार लोकांदेखत वस्तादांचं म्हणणं खोडायचं नाही, हे आम्ही तांबड्या मातीबरोबरच अंगी लावून घेतलेलं. मी बँकेत साहेब आहे, पण तालमीच्या उंबऱ्याशी चपला काढल्या की जीभही तिथंच राहायची.

पूर्वी कधी तरी तंबाखूनं त्यांच्या पायांचा रक्तपुरवठा आटला, तेव्हा डॉक्टरांनी पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीपासून दोन्ही जांघांपर्यंत कृत्रिम नळी जोडली होती. वस्ताद पुन्हा चालू लागले, तंबाखू सुटली. "डॉक्टरचं काम महापालिकेपेक्षा बरं. इतकी वर्षं झाली, गळती नाही," असं कौतुकानं सांगत.

एकदा ते कपडे बदलत असताना उजव्या जांघेत मला लिंबाएवढी गाठ दिसली. ती नाडीसारखी उडत होती.

"वस्ताद, हे काय?"

"अंतर्गळ असेल. लंगोट आवळला की बसते. सूनबाईला सांगितलंस तर पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही."

मी गप्प राहिलो. गाठ वाढली, कातडी लाल झाली, ताप येऊ लागला. वस्ताद लंगोट आणखी आवळत राहिले. शेवटी सूनबाईंनी आणि मी त्यांना तापासाठी म्हणून दवाखान्यात नेलं.

"आणखी काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे."

"खोटं सांगताहेत," मी म्हणालो. "जांघेत गाठ आहे."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नळीचा जांघेतला सांधा सुटून तिथं रक्त साठलं होतं, आणि नळीभोवती पू झाला होता. त्या बाजूची नळी काढावी लागली. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला.

पुढे ते खुर्चीत बसून पोरांना डाव सांगू लागले. माझ्याशी मात्र बोलत नसत. सगळ्यांदेखत त्यांना खोटं पाडल्याची ही शिक्षा, असं मी धरून चाललो. गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"वस्ताद, त्या दिवशी डॉक्टरांसमोर बोललो. माफ करा."

"बोललास त्याचा राग नाही, गाढवा. आधी महिनाभर गप्प बसलास त्याचा आहे. पाय वाचला असता."

तुम्हीच तर बजावलं होतंत, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. पण खोलीत सूनबाई होत्या.