एक शब्द जास्त

नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाची. भांडायला मी मुद्दाम रोह्याहून पेणला गेलो होतो. त्यांच्या 'शंभर शब्दांची गोष्ट' या स्पर्धेला पाठवलेली माझी गोष्ट पोस्टाने परत आली होती आणि वर ताईंच्या टपोऱ्या अक्षरात एवढंच होतं : "एकतीस शब्द जास्त. कोणते, ते तुम्ही ठरवा." मी तेव्हा डोलवीला नोकरीला होतो. ऑफिसातले सगळे आपले अर्ज माझ्याकडूनच लिहून घेत, त्यामुळे मला माझ्या मराठीची भलतीच घमेंड होती. ताईंनी माझा राग शांतपणे ऐकून घेतला, पोह्याचे पापड भाजून पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, "वाचा मोठ्याने." दोन ओळी झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचा नायक उठतो, दात घासतो, चहा पितो. गोष्ट कधी सुरू करतो?" पापड संपेपर्यंत एकतीस शब्द मीच खोडले होते. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो आणि पुढे स्पर्धेतले शब्द मोजायचं कामही माझ्याकडे आलं.

ताई पेणला शाळेत मराठी शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी ही स्पर्धा सुरू केली आणि पेण-रोह्याच्या गावागावांतली माणसं लिहिती केली, याचा आम्हां सर्वांना फार अभिमान आहे. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या जोह्याहून एकही गोष्ट येईना, तेव्हा ताई स्वतः एसटीने तिथे गेल्या. कारखान्यात गणपती रंगवत बसलेली एक बाई त्यांना म्हणाली, "तुमची तारीख नि आमचा सीझन एकच हाय बाई. लिवायचं कधी?" पुढच्या वर्षापासून शेवटची तारीख गणपतीनंतर गेली. ती अजून तिथेच आहे.

स्पर्धेचे नियम दोनच. शंभराच्या वर एकही शब्द नको, आणि जास्तीचा शब्द परीक्षकाने खोडायचा नाही, लिहिणाऱ्यानेच काढायचा. पहिला नियम ताईंनी सख्ख्या भावालाही लावला. दुसरा मी मोडला.

खाडीकडच्या मिठागरात काम करणाऱ्या पार्वतीबाईंची गोष्ट त्या वर्षी सर्वांत उजवी होती. माहेरपण संपवून सासरी निघालेली मुलगी मिठागरावर आईचा निरोप घ्यायला जाते. आई हातातलं काम थांबवत नाही आणि शेवटी एवढंच म्हणते, "जा गो." शब्द भरले एकशे एक. निकाल तोंडावर आला होता आणि पत्र जाऊन उत्तर यायला आठवडा लागला असता. मी 'गो' खोडला. बोलण्यातला शब्द, त्यावाचून काय अडतंय, असं मला वाटलं. ताईंना सांगितलं, बरोबर शंभर आहेत.

बक्षीस समारंभात 'शब्द बरोबर शंभर' असं सांगून ती गोष्ट मीच वाचली. "आई म्हणाली, 'जा.'" टाळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या रांगेतून पार्वतीबाई उठल्या.

"ही माझी गोष्ट नाय. माझ्या आयशीनं मला हाकललं नाय. 'जा गो' म्हनली ती."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात एक जुने स्पर्धक म्हणाले, "पण 'गो' घातला तर एकशे एक होतात. मग पहिला नंबर बाद." तेही खरंच होतं. नियम वाकवला तर ज्यांच्या गोष्टी परत गेल्या त्यांना काय तोंड दाखवायचं, आणि नाही वाकवला तर पार्वतीबाईंनी भर सभेत का सोसायचं? सगळे ताईंकडे बघत होते.

ताई उठल्या. "चूक आमची आहे, पार्वतीबाई. मूळ कागद मी बघायला हवा होता." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझी चूक त्यांनी सरळ स्वतःच्या अंगावर घेतली. मग खाली उतरून कागद आणि पेन पार्वतीबाईंच्या हाती दिलं. "'गो' परत आला. आता एक शब्द जास्त. कोणता, ते तुम्ही ठरवा."

पार्वतीबाई ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. सभागृहात चुळबुळ झाली, तेव्हा ताई फक्त म्हणाल्या, "घाई नाही." अखेर बोट एका जागी थांबलं. "'मला खूप रडू आलं' असं लिवलंय. यातला 'खूप' नको. रडू आलं म्हंजे आलं."

मी मोजले. शंभर. मग पार्वतीबाईंनी स्वतः गोष्ट वाचली, आणि "जा गो"ला पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

परतताना मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमची आई तुमच्या बहिणीला कशी हाक मारते हो?" माझी आई इथलीच, रोह्याजवळच्या वरश्याची. 'गो' मी घरात रोज ऐकत होतो, आणि कागदावर तोच मला जास्तीचा वाटला. याची लाज मला आजही वाटते. आज पार्वतीबाई आमच्या परीक्षक आहेत, आणि माझी मोजणी झाल्यावर त्या पुन्हा एकदा मोजतात.

ताईंना आता पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. त्यांचं बोलणं खणखणीत राहो, गुडघ्यांनी त्यांना फार सतावू नये आणि पापड भाजणाऱ्या त्या हातांना बळ मिळो. अशा वेळी शंभर वर्षं मागायची रीत आहे. पण ताई, मोजणी अजून माझ्याकडेच आहे. शंभराच्या वर कितीही होऊ देत, या खेपेला मी एकही खोडणार नाही.