तो काय म्हणतोय?

प्रेम हा विषय अख्ख्या पुणे शहरात सगळ्यात जास्त पाहिलेला आणि सगळ्यात कमी बोललेला माणूस म्हणजे माझे मामेसासरे. बायकोचे मामा. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये, त्यांनी सगळी नोकरी काढली, तिथल्याच क्वार्टर्समध्ये संसार केला आणि निवृत्त झाल्यावर मामींना घेऊन धायरीला फ्लॅटमध्ये राहायला आले. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, बोलणं मोजकं आणि त्यातलंही निम्मं तिरकं. अशा माणसाच्या डोक्यात जुन्या, काळ्यापांढऱ्या हॉलिवूडमधली पन्नासएक प्रेमी जोडपी बिऱ्हाड करून आहेत, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. ते मला माझ्याच लग्नात, पाटावर उभं राहिल्यावर कळलं.

झालं असं, की माझी बायको माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. रिसेप्शनला मामा स्टेजवर आले, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि "चौकटीत बसत नाही" एवढंच म्हणून खाली उतरले. माझ्या आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं पत्रिकेत काहीतरी निघालं. दहा मिनिटांनी मामा कार्यालयाच्या मुदपाकखान्यातून एक लाकडी पाट घेऊन आले, माझ्या पायाशी सरकवला, बायकोच्या शालूचा घोळ त्याच्यावर नीट पसरला आणि माझ्या कानात म्हणाले, "जावईबापू, लाजू नका. तिकडचे भलेभले हिरो खोक्यावर उभं राहून प्रेम करायचे." तीन तास मी त्या पाटावर होतो. जेवायला उतरलो तेव्हा बायकोच्या एका आत्यांनी "दमले हो जावई, अगदी एवढेसे झाले" असं सगळ्यांसमक्ष सांगितलं. अल्बममध्ये मात्र मी उंच आहे, आणि खोटं कशाला बोलू, आम्ही दोघं शोभतो.

ह्या जोड्यांची खरी नावं मामा घेत नाहीत. आपल्याहून वडील माणसांना नावानं काय हाक मारायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मग "आपले नाचरे", "आपले भांडके", "आगगाडीवाले", "मिशी आणि तिची ती" अशी घरगुती नावं. एकदा माझ्या मेव्हण्यानं कुठूनसं वाचून मामांना सांगितलं, की नाचऱ्यांचं खऱ्या आयुष्यात लग्न झालेलंच नव्हतं आणि सेटवर म्हणे त्यांचं एकमेकांशी पटतही नसे. आम्हाला वाटलं म्हातारा खचणार. मामांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, "मीही स्टोअरात कित्येक साहेबांशी हसून बोललो. पण नोकरीसाठी हसलेलं असं दिसत नाही. त्या नाचाच्या वेळी ती त्याच्याकडे बघते ना, तेवढा वेळ तरी ते लग्न झालेलं आहे." मेव्हण्यानं सुपारीसाठी हात पुढे केला.

नायिकेच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड हा मामांचा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. तो उजेड म्हणे वरून, डावीकडून आणि चाळून घेतल्यासारखा यायला हवा. क्वार्टर्समध्ये असताना त्यांनी स्वयंपाकघरातल्या दिव्याला बटर पेपर गुंडाळला होता. त्या उजेडात मटार सोलत बसलेल्या मामी खरोखरच सुरेख दिसायच्या, फक्त मटारातल्या अळ्या दिसायच्या नाहीत. "अहो, तो कागद काढा, भाजीत किडे जातील," असं मामींनी सांगितल्यावर मामा म्हणायचे, "जाऊ देत. माणसानं किती बघायचं यालाही काही मर्यादा असते." मामींना ते कौतुक होतं हे कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. कारण आमच्यासमोर मामांनी त्यांच्याविषयी काढलेला सगळ्यात गोड उद्गार "हिच्या हातची आमटी खाऊन अजून कुणी मेलेलं नाही" हा होता.

मला वाटतं, त्या जुन्या जोड्या मामांना आवडल्या त्या ह्याच स्वभावामुळे. त्या पिक्चरांत ती त्याला टाकून बोलते, तो तिला उलट बोलतो, दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, आणि सगळ्या जगाला कळलेलं असतं की ह्यांचं जमलंय, फक्त ह्या दोघांना सोडून. "हे कसलं हॉलिवूड, ही तर सदाशिव पेठ," मामा खूश होऊन म्हणायचे. आताच्या सिनेमांवर त्यांचा राग आहे. "पाचव्या मिनिटाला आय लव्ह यू म्हणून मोकळे होतात. मग उरलेले दोन तास करायचं काय? म्हणून मग ह्यांना स्वित्झर्लंडला जावं लागतं."

पण खरी गंमत होती रविवार सकाळची. त्या काळी कँपातल्या एका थेटरात रविवारी सकाळी जुने इंग्रजी पिक्चर लागायचे. मामा मामींना सायकलवर डबलसीट घेऊन खडकीहून जायचे. मामी सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजीचा गंध नाही. त्यामुळे पडद्यावर कुणी तोंड उघडलं की त्या मामांकडे झुकून विचारायच्या, "तो काय म्हणतोय?" आणि मामा त्यांच्या कानात मराठीत सांगायचे. मामींनी ही हकिकत मला अनेकदा सांगितली आहे. पडद्यावरचा मिनिटभर तावातावानं बोलला तर मामा "घरी चल म्हणतोय" एवढ्यात आटपायचे, आणि तो नुसतं "यस" म्हणाला, तर मामांचं भाषांतर पुढच्या सीनपर्यंत चालायचं. नायिका काय म्हणतेय हे मात्र ते कधीच सांगत नसत. "तिचं तुला कळतंय की," म्हणायचे. आणि दोन चेहरे अगदीच जवळ येऊ लागले, की मामा वाकून अंधारात चप्पल शोधायला लागायचे. "ह्यांची चप्पल दर पिक्चरला तीनदा हरवायची," मामी सांगायच्या, "आणि सापडायची तेव्हा पडद्यावर दुसराच सीन."

चार-पाच वर्षांपूर्वी मामींना ऐकू येणं कमी झालं. कानात सांगितलेलं तर अजिबातच नाही. मशीन आणलं, पण त्यात भांडी जास्त वाजतात आणि माणसं कमी बोलतात म्हणून ते कपाटात गेलं. धायरीला आल्यावर टीव्हीवर चालू राहिलेले रविवारचे पिक्चरही बंद पडले. ते एकट्यानं बघायला मामांना मजा येईना. ही गोष्ट माझ्या मुलीनं मनावर घेतली. ती कॉलेजात आहे आणि मामाआजोबांवर तिचा भारी जीव. त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिनं बेत केला, की नेटवरून जुना पिक्चर शोधायचा, खाली आपोआप येणारी मराठी अक्षरं चालू करायची आणि रविवारी सकाळी धायरीलाच थेटर करायचं. "मामाआजोबा, सबटायटल्स एकदम ऑसम येतात, मामीआजी स्वतः वाचतील!" तिनं फोनवर सांगितलं. कोणता पिक्चर लावायचा हेसुद्धा तिनं मामींनाच विचारलं होतं. मामींनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, तबेल्यावाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दोन बस बदलून माझ्या घरी हजर झाले. चहा घेतला नाही. बायको बाजारात गेली आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं.

"जावईबापू, मला इंग्रजी येत नाही," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

"स्टोअरातलं येतं. रिसीव्ड, इश्यूड, रिटर्न्ड इन गुड कंडिशन. त्यात प्रेम कुठं बसतं? पिक्चरात ते भराभरा काय बोलायचे, मला ओ का ठो कळायचं नाही. हिनं विचारलं की मी आपलं सुचेल ते सांगायचो."

"मग त्यात काय बिघडलं?" मी म्हणालो.

त्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग जे सांगितलं ते मामांनी त्याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. मामींना मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. मामी चार दिवस जेवल्या नव्हत्या, आणि मामांच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. काय करावं न कळून त्यांनी रविवारी सायकल काढली. त्या पिक्चरात नायिका तबेल्याच्या दारात उभी राहून रडत असते आणि नायक तिला पुष्कळ वेळ काहीतरी सांगतो. मामींनी विचारलं, "तो काय म्हणतोय?" आणि मामांनी, आयुष्यात पहिल्यांदा, जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं. त्या दिवशी घरी आल्यावर मामी जेवल्या.

"पुढं आमच्या एका तमिळ साहेबांनी तो पिक्चर पाहिला. ते म्हणाले, त्या सीनमध्ये तो घोड्याबद्दल बोलतो. घोडा लंगडा झालाय, त्याचं काय करायचं, असं. आता रविवारी ते खाली लिहून येणार. ती वाचणार. एवढी वर्षं तिनं जे धरून ठेवलंय, तो घोडा होता हे तिला कळणार." मामांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. "तेवढ्या सीनला तुम्ही लाइट घालवाल का?"

मी वचन देऊन बसलो.

रविवारी सकाळी आम्ही धायरीला जमलो. पडदे ओढले, शेंगदाणे आले, मामी ठेवणीतलं लुगडं नेसून अगदी टीव्हीसमोर बसल्या. यंत्रानं केलेलं ते मराठी अफाट होतं. नायक घरात शिरल्या शिरल्या खाली अक्षरं आली, "मध, मी घरी आहे." मामींनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं आणि कुठला मध म्हणून विचारलं. मुलगी हसून लोळत होती. मामा हसत नव्हते. तबेला दिसल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाणी प्यायचं निमित्त करून दाराजवळच्या मेन स्विचपाशी गेलो आणि तो खाली ओढला.

काही झालं नाही. पंखा फिरत राहिला, पिक्चर चालू राहिला. पिक्चरच्या मध्ये लाइट जाऊ नये म्हणून धायरीला येताच मामांनी स्वतः उभं राहून इन्व्हर्टर बसवून घेतला होता, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

नायिका रडायला लागली. नायक बोलायला लागला. मामा वाकले आणि स्वतःच्या दिवाणखान्यात, भर सकाळी, चप्पल शोधायला लागले. मामी एकेक शब्द वाचत होत्या. "घोडा... आता... धावणार नाही. मी त्याला... विकणार... नाही." त्या थांबल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. मी स्विचवर हात ठेवून तसाच उभा होतो, मान वर करायचा धीर होईना.

"खाली चुकीचं लिहिलंय," मामी म्हणाल्या.

मुलीनं पिक्चर थांबवला. नायक तोंड उघडं ठेवून थिजला.

"अहो, चप्पल राहू द्या. वर या. तो काय म्हणतोय ते सांगा ह्या सगळ्यांना."

मामा वर आले. पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाले.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं सांगा."

ते पुन्हा बोलले, जरा मोठ्यानं. मामींनी कानामागे हात धरून मान हलवली. तेव्हा माझे मामेसासरे उभे राहिले, आणि स्टोअरच्या यार्डात ट्रकवाल्यांना हाका द्यायचे तशा आवाजात ओरडले, "तो म्हणतोय, मूल नसलं तर नसलं! घरी आल्यावर दारात तू दिसलीस की मला पुरे! दुसरं काही मागायचं नाही मला!"

समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. माझी बायको तोंड फिरवून शेंगदाण्यांची टरफलं गोळा करायला लागली.

"हां. हेच," मामी म्हणाल्या. मग माझ्या मुलीकडे वळल्या. "त्या लोकांना कळव, दुरुस्ती करा म्हणावं. आणि चालू कर आता."

मामा धपकन खाली बसले. घाम पुसला. थोड्या वेळानं त्यांनी मामींकडे झुकून, पण आता मोठ्यानं, विचारलं, "आणि ती? ती काय म्हणतेय?"

"तिचं तुम्हाला कळतंय की," मामी म्हणाल्या, आणि शेंगदाण्यांची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

पिक्चरचा शेवट मी पाहिला नाही, मामांकडेच बघत होतो. दुपारी जेवून निघालो. मुलगी तिच्या गाडीवर पुढे गेली. सिंहगड रोडच्या गर्दीत आमची स्कूटर सिग्नलला उभी होती, बायको मागे बसली होती, आणि इतक्या वर्षांत तिला कधी न सांगितलेलं एक साधं वाक्य माझ्या तोंडून अर्धवट निघून गेलं. हॉर्नच्या आवाजात ते विरलं. ती पुढे झुकून म्हणाली, "काय म्हणालास?"

मामांकडे निदान तो लंगडा घोडा तरी होता. मी म्हणालो, "काही नाही. सिग्नल सुटला."