ताईच्या जेवणाचे तक्ते

मुलांनो, सौदी अरेबियातल्या यान्बूत आम्ही राहत होतो तेव्हा शुक्रवार सुट्टीचा असे आणि रविवार कामाचा. इंग्लंडातला वृद्धाश्रम शुक्रवारी फॅक्स पाठवी आणि तुमच्या आजोबांच्या रिकाम्या ऑफिसात तो शनिवारपर्यंत पडून राही. त्यामुळे माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, आठवडाभर काय खाल्लं ते मला दर शनिवारी दुपारी कळे.

ताई लग्नानंतर इंग्लंडला गेली. यजमान डॉक्टर होते. ते गेल्यावर तिची स्मरणशक्ती हळूहळू ढासळली, मूल नव्हतं, म्हणून तिला वृद्धाश्रमात ठेवलं. आधी तिचं इंग्रजी गेलं, मग माणसांची नावं गेली. उरलं मराठी, तेही तुटक. फॉर्मवर सर्वांत जवळची नातेवाईक म्हणून माझं नाव होतं. मी दर शुक्रवारी फोन करी.

"आपण कोण?" ती विचारी.

"ताई, मी."

"मी तर मी आहे. तुम्ही कोण ते सांगा."

धाकट्या बहिणीला ती अहोजाहो करी.

त्या वर्षांत तिकडच्या सरकारने वृद्धाश्रमांचे नियम बदलले. वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंनी जाड पाकिटातून माहितीपत्रकं पाठवली. इंग्रजी साहित्यात पदवी घेतलेली मी, पण ती तीनदा वाचावी लागली. सार इतकंच होतं. पूर्वी सगळ्याची मिळून एक फी असे. आता तिचे भाग पडले. राहणं, जेवण आणि अंघोळ-कपड्यांची मदत यांची फी ज्याच्या-त्याच्या ऐपतीनुसार, आणि परिचारिकेच्या शुश्रूषेचा भाग सरकार देणार. तो किती, हे बाहेरून आलेली परिचारिका माणूस तपासून ठरवणार. शिवाय दर्जाचे नियम आले होते. प्रत्येक माणसाची लेखी योजना हवी, प्रत्येक गोष्टीची नोंद हवी, आणि ज्याला ज्या प्रकारची काळजी लागते त्याला त्याच विभागात ठेवायचं, इन्स्पेक्टर येऊन बघणार. मुलांनो, असे कागद एक दिवस तुमच्याही पुढ्यात येतील आणि त्यांवर माझं नाव असेल. शांतपणे वाचा. प्रत्येक वाक्याला विचारा की याने त्या बाईचा दिवस कसा बदलेल.

ताईच्या बाबतीत उत्तर सरळ होतं. त्या घराला दोन मजले होते. खाली नुसते राहणारे, वर शुश्रूषेचे. ताईची खोली खाली होती. "गेले तीन महिने त्या मधूनच जेवण पूर्ण नाकारतात," मॅनेजरबाईंनी लिहिलं होतं. "परिचारिकेने तपासणीत त्यांना शुश्रूषेची गरज ठरवली, तर नव्या नियमांप्रमाणे त्यांना वर हलवावं लागेल. आपल्या खर्चात फारसा फरक पडणार नाही." मी फोन करून विचारलं, वर गेलेली माणसं पुन्हा खाली येतात का. "आजवर तरी नाही," म्हणाल्या. वर जेवण न घेणाऱ्यांना नळीने अन्न देत असत. तेही मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

तपासणी तीन आठवड्यांवर होती. मला जाणं शक्य नव्हतं. आमचे पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आजोबांच्या कंपनीत, जमा. बाहेर जाऊन परत येण्याचा शिक्का, मग जेद्दाहून ब्रिटिश व्हिसा, या सगळ्याला दोन महिने लागले असते. म्हणून मी म्हटलं, आठवड्याचा नुसता सारांश नको, तीन महिन्यांचे रोजचे तक्ते पाठवा.

ते आले त्या दिवशी वारा सुटला होता. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावूनही बारीक वाळू आत येत होती आणि जेवणाच्या टेबलावर मी कागद पसरताच त्यांच्यावर बसत होती. दुपारची वेळ, तरी बाहेर सगळं पिवळं-तपकिरी. रिफायनरीची ज्योत तेवढी त्या धुळीतून दिसत होती, कुणी हातात दिवा धरून उभं असल्यासारखी.

मी तक्ते तारखेवार लावले. न्याहारी, दुपारचं जेवण, चहा, संध्याकाळचं जेवण. समोर शेरा: पूर्ण, अर्धं, नाकारलं. बहुतेक दिवस पूर्ण. ताट नाकारल्याचे दिवस तीनच निघाले. त्यांतल्या एका दिवसापुढे कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "एक केळं घेतलं. ताटातले फक्त बटाटे वेचून खाल्ले. पाव बाजूला सारला."

मी ती ओळ पुन्हा वाचली आणि उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे दाराच्या मागे आमची दिनदर्शिका होती. मुंबईहून येताना मी ती साडीच्या घडीत घालून आणी, वरचं गणपतीचं चित्र कापून. नुसत्या तारखांना कस्टमवाले हरकत घेत नसत. मागच्या वर्षाचीही मी टाकली नव्हती. दोन्ही टेबलावर आणल्या.

तिन्ही दिवस संकष्टीचे होते.

ताई लग्नाआधीपासून संकष्टी करी हे मला माहीत होतं. मी कॉलेजात गेल्यावर सोडली, तिने नाही. पण आता तिला वार सांगता येत नव्हता. मी त्याच वेळी मॅनेजरबाईंना फोन लावला. ताईच्या खोलीत भारतीय कॅलेंडर आहे का? नाही. कुणी भारतीय काम करतं का, भेटायला येतं का? नाही. तिच्या खिडकीतून काय दिसतं?

"गाड्या ठेवायच्या जागेची भिंत," त्या म्हणाल्या. "का?"

मी काहीतरी सांगून फोन ठेवला, कारण तोवर माझी नजर तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यावर गेली होती. त्या तिन्ही दिवशी ताईने दुपारी घंटा वाजवून जेवण मागितलं होतं आणि सगळं संपवलं होतं. पहिल्यांदा तीन वीसला, मग पावणेचारला, मग चार दहाला. इतर कुठल्याही दिवशी तिने घंटा वाजवलेली नव्हती. एका नोंदीत होतं, "आधी भिंतीकडे पाहून हात जोडले."

आमच्या वसाहतीतल्या उपास करणाऱ्या बायका दिनदर्शिकेतली मुंबईची चंद्रोदयाची वेळ घेत आणि त्यातून अडीच तास वजा करून सोडत. यान्बूच्या आकाशात तेव्हा चंद्र नसे, पण घरच्या वेळेला मान. त्यामुळे वजाबाकी माझ्या सवयीची. इंग्लंडसाठी हिवाळ्यात साडेपाच तास. आठ बावन्नमधून वजा केले, तीन बावीस. नऊ चौदामधून, तीन चव्वेचाळीस. नऊ अडतीसमधून, चार आठ.

मी पेन्सिल खाली ठेवली. ताई मुंबईचा चंद्र पाहून जेवत होती, अशा भिंतीकडे बघून जिच्यामागे तिथला चंद्र उगवायलासुद्धा तीन-चार तास होते.

संध्याकाळी आजोबा आले तेव्हा मी सगळं तसंच ठेवलं होतं.

"अहो, हे बघा."

त्यांनी बूटही न काढता उभ्या-उभ्या पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि तिन्ही वजाबाक्या स्वतः करून पाहिल्या. "योगायोग," म्हणाले.

"तीन वेळा?"

"तीन वेळा योगायोगच म्हणतात. चौथ्यांदा चौकशी लागते. प्लांटमध्ये तरी."

"मग काय लिहू त्यांना?"

"उपास लिही. ते खरं आहे आणि त्यांना कळेल. वेळांचं लिहू नकोस. त्या नर्सला वाटायचं, दोघी बहिणी तशाच."

मला ते लपवल्यासारखं वाटलं. पण वेळा लिहिल्या असत्या तर ते वाचणाऱ्याला भ्रम वाटलं असतं, आणि भ्रम म्हणजे वरचा मजला. मी फक्त उपास लिहिला. नव्या दर्जात धर्म आणि रूढी यांची नोंद योजनेत असावी असं होतं, ते कलम मी दाखवून दिलं. सोबत पुढच्या सहा महिन्यांच्या संकष्टींची यादी जोडली. या दिवशी केळं, बटाटा, दूध, चहा द्यावा, पाव देऊ नये. मॅनेजरबाईंचं लगेच उत्तर आलं. यादी स्वयंपाकघरात लावली होती.

तपासणीच्या दिवशी आमच्याकडे दुपार टळून गेली होती, नमाजासाठी दुकानांची शटर्स ओढल्याचे आवाज येत होते, तेव्हा फोन वाजला. परिचारिका वृद्धाश्रमाच्या जेवणघरातून बोलत होती. आवाज थकलेला, पण सौम्य.

"तुमची मदत हवी. आज तुमच्या यादीतला उपासाचा दिवस आहे. स्वयंपाकघराने नियमाप्रमाणे केळं आणि दूध पाठवलं. त्यांनी ते परत ढकललं आणि शेजारच्या बाईंच्या ताटलीतला टोस्ट उचलून खाल्ला. आता चमचा आपटतायत. म्हणजे हा उपास नाही, गोंधळ आहे, असं मला लिहावं लागेल. तुम्ही एकदा बोलता का?"

तिने फोन ताईच्या कानाला लावला. चमच्याचा आवाज ऐकू येत होता.

"ताई, आज संकष्टी आहे. उपास आहे ना आज?"

चमचा थांबला. आणि मग ताई बोलली, कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता अशा आवाजात, स्वच्छ, किंचित वैतागलेल्या.

"आज विनायकी आहे. संकष्टी पुढच्या पंधरवड्यात. कॉलेजात जाऊन एवढंही शिकली नाहीस? घाईघाईत लिहितेस तू, नेहमीचं आहे तुझं. यांना सांग, मला भूक लागली आहे."

फोनची दोरी ताणत मी दाराच्या मागच्या दिनदर्शिकेपाशी गेले. महिन्याला दोन चतुर्थ्या असतात. शुद्ध पक्षातली विनायकी, वद्य पक्षातली संकष्टी. पाच महिने मी बरोबर उतरवले होते. या एका महिन्यात मी वरच्या चौकोनातली विनायकी लिहिली होती. मी, जिने आयुष्यभर वाणसामानाची यादीसुद्धा दोनदा तपासली.

"ताई," मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"आपण कोण बोलता?" ताईने विचारलं.

परिचारिकेने फोन परत घेतला. "त्या खूप बोलल्या. काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माझी यादी चुकली आहे."

"आणि चुकली आहे का?"

"हो. एका दिवसाची तारीख चुकीची आहे. आजची."

कागद उलटल्याचा आवाज आला. "त्यांना आजची तारीख विचारली तर सांगता येत नाही," ती म्हणाली, "वर्षही नाही. मी विचारलं आहे."

"ते खरं आहे."

"मग हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

शेवटी तिने काय लिहिलं ते मला अहवालात वाचायला मिळालं: आहाराबाबत स्वतःचा निर्णय घेतात आणि तो कळवतात, शुश्रूषेची गरज सध्या नाही. ताई खालीच राहिली. त्या दिवशी तिला टोस्ट आणि अंडं मिळालं. अंडं तिने खाल्लं नाही. पंधरा दिवसांनी, खऱ्या संकष्टीला, तिने पाव बाजूला सारला. घंटा किती वाजता वाजली हे मी तक्त्यात पाहिलं, पण वजाबाकी केली नाही.

मॅनेजरबाईंनी दुरुस्त यादी मागितली. नियम होता, योजना लेखी हवी. मी ती तीनदा तपासून पाठवली आणि खाली एक ओळ जोडली: यादी आणि बाई यांत फरक पडला, तर बाईंचं ऐकावं. ही ओळ इन्स्पेक्टरला चालेल का, अशी मला शंका होती. चालली.

ताई आणखी तीन वर्षं त्या खोलीत जगली. तेवढ्यात असा फरक दोनदा पडला. दोन्ही वेळा त्यांनी तिचं ऐकलं आणि मला कळवलं. दोन्ही वेळा मी दाराच्या मागे जाऊन दिनदर्शिका पाहिली नाही.