गाडी गरम असताना

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे पुढारी. संप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून संप मोडून आत गेलेल्या फुटीरांची यादी स्टेन्सिलवर मीच लिहिली. त्यात सहावं नाव बाबांच्या सगळ्यात जवळच्या दोस्ताचं होतं. ते कारखान्यातले इलेक्ट्रिशियन, कळव्याचे. मी त्यांना काका म्हणायचे. ते नाव लिहिण्याआधी मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "लिही."

फुटीराची शिक्षा ठरलेली होती. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि त्याला आपल्या घरचं द्यायचं नाही. हा ठराव गेटसभेत बाबांनीच मांडला होता. पुढे कारखाना बंद पडला, आवारात गवत वाढलं, ठरावाला हात वर करणारे पांगले. कोणी रिक्षा घेतली, कोणी गावी गेलं. आमच्या बाळकुमच्या घरात मात्र ठराव चालूच राहिला. तो मागे घ्यायला सभा कुठे उरली होती?

बाबांनी माजिवड्याला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिथे एक दहा वर्षं जुनी जपानी गाडी आली. एका डॉक्टरांच्या भावाने आखाती देशातून आणलेली, आपोआप गिअर बदलणारी. अर्धा तास नीट चालायची, मग डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायला लागायचा, गिअर अडकायचा आणि इंजिन नुसतं ओरडायचं. डॉक्टरांनी मॅन्युअलची झेरॉक्स दिली होती. मी डिक्शनरी घेऊन ती बाबांना वाचून दाखवायचे. दिवा सहा वेळा लुकलुकतो, थांबतो, मग एकदा. याचा अर्थ गिअरबॉक्सचा वेग मोजणारा सेन्सर बिघडला.

बाबांनी सेन्सर बदलला. चार दिवसांनी गाडी परत. त्यांनी सेन्सर काढून साफ केला, प्लगच्या पिना घासल्या, मीटर लावला. मीटर म्हणायचा सगळं ठीक आहे. गाडी पुन्हा परत. दुसरा नवा सेन्सर बसवला, तरी तेच. बाबांनी आयुष्यात कुठल्याही मशीनपुढे हात टेकले नव्हते. आता ते त्या गाडीखाली आडवे पडायचे आणि बराच वेळ आवाजच यायचा नाही.

एका सकाळी त्यांनी मला घडी घातलेली चिठ्ठी दिली. "कळव्याला जाऊन येशील?"

"त्यांच्याकडे?"

"विजेचं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही."

"बाबा, ठराव तुमचाच होता."

"माहितेय गं." ते हात पुसू लागले. "तो आत का गेला ते मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही."

मी गेले. पण उंबऱ्याबाहेर उभी राहिले. काका खूप वाळले होते, पाय सुजलेले. मला ओळखून हसले.

"ये गो बाय, आत ये. मास्तर कसा हाय?" कारखान्यात भाषणं ठोकायचे म्हणून ते बाबांना मास्तर म्हणत.

"इथेच ठीक आहे मी."

काकूंनी पाण्याचा तांब्या आणला. मी नको म्हटलं. भर उन्हातून आले होते, घसा कोरडा पडला होता, आणि नको म्हणताना मला अभिमान वाटत होता. हे लपवण्यात अर्थ नाही.

काकांनी तांब्याकडे बघितलं, मग चिठ्ठी वाचली. "मास्तराला सांग, सेन्सरच्या मागं लागू नको. थंड गाडीवर मीटर खोटं बोलतं. गाडी तापव आनि मग वायर हलवून बघ. वरून चांगली दिसंल, आतून तुटली असंल." मग म्हणाले, "नायतर गाडीच घेऊन ये म्हनावं. माझ्यानं आता चालवत नाय. बसूनच बघीन."

परत येताना खाडीच्या पुलावर मी ठरवून टाकलं. ज्याचं नाव मी माझ्या हाताने यादीत लिहिलं, त्याचे उपकार आमच्या शेडमध्ये येणार नाहीत. बाबांना म्हटलं, "घराला कुलूप होतं."

"परत जाशील?" त्यांनी विचारलं. मी परीक्षेचं कारण सांगितलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

दीड महिना गेला. एक दिवस डॉक्टर येऊन सौम्यपणे म्हणाले, "राहू द्या, उद्या गाडी नेतो, मुंबईला दाखवतो." ते गेल्यावर बाबा जॅकच्या बाजूला जमिनीवर बसले. भर दुपारी, हातात काहीच काम नाही. ते बघवेना. मी मॅन्युअल चाळल्यासारखं केलं. "बाबा, गाडी तापवून मग वायर हलवून बघितली तर? थंड गाडीवर मीटर खोटं बोलतं."

बाबांनी मान वर केली. उठले, गाडी घोडबंदर रोडला फिरवून आणली आणि दिवा लुकलुकत असतानाच खाली शिरले. सायलेन्सरजवळून जाणारी वायर बोटाने हलवली. मीटरचा काटा पडला. वायर सोलली. वरचं रबर धड होतं, आत तांबं तुटलेलं. थंड असताना दोन टोकं टेकायची, तापली की सुटायची. बाबांनी तुकडा कापून नवी वायर जोडली. एवढंच काम होतं.

मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "कधी भेटला तो तुला?"

मी खरं सांगितलं. सगळं, तांब्यासकट.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तशाच काळ्या हातांनी स्टिअरिंगवर बसले. मीही शेजारी बसले. कळव्यापर्यंत गाडी एकदाही अडकली नाही.

दारात काकू होत्या. कपाळ मोकळं. बाबांनी पायरीवरच बसकण मारली.

"काल तेरावं झालं," काकू म्हणाल्या. "रोज दुपारी इथं खुर्ची टाकून बसायचे. म्हनायचे, मास्तर गाडी घेऊन यील. कुठली बी गाडी वाजली का उठायला बघायचे."

बाबांनी त्यांच्याकडे पाणी मागितलं. सगळा तांब्या तिथेच एका दमात संपवला. काकूंनी माझ्यापुढेही धरला. मी प्यायले.

घरी आल्यावर मी बाबांसाठी पेला भरून आणला. त्यांनी तो बघितला. मग उठले, माठापाशी गेले आणि स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायले.

माझा पेला ओट्यावर तसाच राहिला. बाबांच्या पुढ्यात पेला ठेवायचं मी नंतरही सोडलं नाही. त्यांनी तो उचलायला किती दिवस लावले ते मी मोजले नाहीत. ठराव मागे घ्यायला सभा लागत नाही, हे मला यादी लिहिणाऱ्या वयात कोणी सांगितलं नव्हतं. मोठेपणी मात्र ते मला कळायला हवं होतं.