कमलचे तीन रातांबे

तुमच्या मैत्रिणींत अशी एखादी आहे का हो, जिचं नशीब इतकं वाईट की बाकीच्यांनी त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा?

आमच्यात होती. कमल तिचं नाव. मालवणात नलूताईंच्या पडवीत दुपारचा शिवणक्लास भरायचा, तिथल्या आम्ही मैत्रिणी. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पायाने चालवायची जुनी मशिनं, आणि त्यांच्यापेक्षा जोरात चालणारी आमची तोंडं! अशा ठिकाणी किस्से कापडाच्या तुकड्यांसारखे साचतात. एकाचाही काही उपयोग नसतो, पण टाकवत नाही. माझ्या गाठोड्यातले निम्मे तुकडे कमलचेच आहेत.

*

एका हळदीकुंकवाला नलूताईंनी लकी ड्रॉ ठेवला. बक्षीस होतं स्टीलचा कडीवाला डबा. कमलचं अक्षर सुरेख, म्हणून सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम तिच्याकडे.

डबा दुसऱ्याच कुणाला तरी लागला. कमल म्हणाली, "माका म्हायतच होतां. माका कधी काय लागाचां नाय."

प्रमिला म्हणजे आमच्या क्लासातली सगळ्यांत तिखट जीभ. तिला काय संशय आला कोण जाणे! तिने उरलेल्या चिठ्ठ्या पाटावर ओतल्या आणि एकेक उलगडून पाहिली. सगळ्यांची नावं होती. कमलचं नव्हतं. सगळ्यांची नावं लिहिता लिहिता बाई स्वतःचं लिहायचंच विसरली होती!

प्रमिला म्हणाली, "अगो, मगे त्या नशिबान तरी तुका शोधूचां खंय?"

*

हसण्यावारी नेता येत नव्हती अशी एकच गोष्ट होती. कमलची परीक्षा.

शिवणकामाची सरकारी परीक्षा कणकवलीला व्हायची. पहिल्या वर्षी ऐन परीक्षेच्या सकाळी कमल तापाने फणफणली. दुसऱ्या वर्षी पोचली, पण तिच्या वाट्याला आलेल्या मशीनचा पट्टा तुटला. दुसरं मशीन मोकळं होईपर्यंत वेळ संपली. आता तिसरं वर्ष. मसुऱ्याला, तिच्या माहेरच्या गावात, एका शाळेत शिवणाच्या बाई हव्या होत्या. परीक्षा पास झाली तर जागा हिची, नाहीतर दुसरीची, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

कमलचा हात आम्हा सगळ्यांत सफाईदार. तिच्या काजांत नलूताईंनाही खोट काढता येत नसे. पण ती म्हणायची, "काजां बरी असान काय उपेग? नशिबाक बटाणच नाय!"

*

त्याच वर्षी नलूताईंचा बोटीवरचा भाऊ सुट्टीवर आला आणि त्याने व्हिडिओ गेम आणला. वीतभर लांबीची काळी डबी, मधे तीन खिडक्या. बटण दाबलं की तिन्ही खिडक्यांत उजेडाची फळं गरगर फिरायची आणि एकेक करून थांबायची. तिन्ही सारखी आली की डबी लग्नातल्या बँडसारखी वाजायची. एवढाच खेळ. अक्कल लागत नव्हती, म्हणून आम्हा सगळ्यांना आवडला.

त्यात लिंबू होतं, घंटा होती आणि एक लालभडक गोल फळ होतं. ते कसलं ते नलूताईंच्या भावालाही सांगता येईना. नलूताईंच्या सासूबाईंना आम्ही सगळ्या आये म्हणायचो. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि निकाल दिला, "रातांबो आसा." झालं! तेव्हापासून ते कोकमाचं फळ, म्हणजे रातांबाच.

प्रमिलाने पहिल्यांदा बटण दाबलं आणि तीन घंटा! मला दुसऱ्या दिवशी तीन लिंबं आली. आयेंनी तर विचारलं, "आज बांगडे करू काय तारले?" आणि त्यांनाही तीन लिंबं आली. "लिंबू म्हणजे बांगडे. तळूचे!" असं म्हणत त्या आत गेल्या.

कमलला रोज एकच. दोन रातांबे आणि एक लिंबू.

*

मला कुणाचं पडलेलं तोंड बघवत नाही. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, "कमल, ते यंत्र आहे. बटण कोणी दाबलं ते त्याला कुठे कळतं?"

कमल म्हणाली, "मगे वैनी, येवढ्या बायकांत ता माकाच कसां वळखता?"

याचं उत्तर प्रमिलाने दिलं. "बरां चल्लासा गो तुझां! दोन रातांब्यांची सोलकढी कर, लिंबू दृष्ट काढूक ठेव!"

कमल हसली, पण उसवलेल्या शिवणीसारखी. आणि पुन्हा बटण दाबलं. दोन रातांबे, एक लिंबू.

*

एकदा मात्र ती जिंकलीच होती. म्हणजे जवळजवळ.

पहिल्या खिडकीत घंटा. दुसऱ्या खिडकीत घंटा. तिसऱ्या खिडकीत घंटा वरून खाली येताना आम्ही सगळ्यांनी बघितली. अर्धी दिसलीसुद्धा! आणि अर्ध्यावरच डबी विझली. सेल संपले.

नवे सेल आणायला बाजारात जायला हवं होतं. आयेंनी नेहमीचा उपाय केला. अंगणात आमसुलं वाळत घातली होती, त्यांच्याच बाजूला सुपात चार सेल उन्हात ठेवले. कावळ्याने नेऊ नयेत म्हणून कमल हातात काठी घेऊन राखणीला बसली. टाके घालायचं काम तिने मांडीवरच घेतलं होतं.

तासाभराने सेल घातले, डबी पुन्हा उजळली. कमलने बटण दाबलं. दोन रातांबे आणि एक लिंबू!

प्रमिला म्हणाली, "सेल सुकले गो, पण कमळीचां नशीब अजून दमटच!"

*

आता शेवटचा किस्सा.

परीक्षेच्या आदल्या दुपारी कमल क्लासला आली, ती मशीनवर बसलीच नाही. सरळ डबी उचलली, बटण दाबलं, बघितलं आणि खाली ठेवून म्हणाली, "मी उद्या जाणय नाय."

आम्ही चकित! नलूताईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिने मनाशी ठरवलं होतं, तीन सारखे आले तर कणकवलीला जायचं, नाहीतर नाही. हे ती एकटीच चार दिवस करत होती.

"अगो, शाळेची जागा त्या डबीवर लावलंस?" नलूताई ओरडल्या.

"थंय जावन परत रिकाम्या हातान येवचां, त्यापेक्षा हयच बरां," कमल म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. आम्ही तिची इतकी थट्टा करायचो, पण तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

आये आतून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "गाऱ्हाणां घालूक होया," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे कुठलंही काम अडलं की देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतात. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी दुजोरा द्यायचा. एरवी ते पुरुषांचं काम. पण घरात पुरुष नव्हते, आणि देवही बोटीवरून आलेला! आयेंनी डबी पाटावर ठेवली, वर जास्वंदीचं फूल वाहिलं, हातात नारळ घेतला आणि खणखणीत आवाज लावला.

"बा म्हाराजा! दर्या पार करून इलेल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

"ह्या कमळीच्या हातसून काय चुकलां-माकलां आसात, बटाण जोरात दाबलां आसात, तर तां पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी तिची थट्टा केली आसात, तर ती त्येंच्या पदरात घाल!"

इथे प्रमिलाचा "व्हय म्हाराजा" जरा बारीक आला.

"आणि तिका सारखे तीन रातांबे दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

कमलने बटण दाबलं. रातांबा. रातांबा. लिंबू.

आमची तोंडं उतरली. आये मात्र डगमगल्या नाहीत. देवळात कौल लावताना देवाने नकार दिला, तर लोक काही उठून घरी जात नाहीत. सवाल फिरवून पुन्हा विचारतात. आये म्हणाल्या, "सवाल चुकलो. 'जाव काय' असो नको घालू. 'घराक रवू काय' असो घाल. तुका तीन सारखे कधी येनत नाय. म्हणजे 'घराक रव' असां तो सांगाचोच नाय!"

काय डोकं बाईचं! आम्ही टाळ्याच वाजवल्या. इतकी वर्षं फुकट गेलेलं कमलचं नशीब एकदाचं कामाला येणार होतं. आम्ही हात जोडून तिच्या त्या दोन रातांब्यांची आणि एका लिंबाची वाट बघायला लागलो.

कमलने डोळे मिटले. "म्हाराजा, मी उद्या घराक रवू काय?"

बटण दाबलं.

रातांबा.

रातांबा.

तिसरी खिडकी फिरली, फिरली आणि थांबली. रातांबा!

डबीने बँड सुरू केला. नलूताईंनी माझ्याकडे बघितलं, मी प्रमिलाकडे. प्रमिलाने डबीकडे. आये हातातला नारळ नुसताच फिरवत राहिल्या. "ह्यो आता फोडूचो, काय नाय?" त्या पुटपुटल्या.

बँड वाजतच होता. कमलने डोळे उघडले, डबी दोन्ही हातांत उचलून अगदी जवळ धरली.

"वैनी," ती मला हळूच म्हणाली, "बगलात? तीनय सारखे इले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने कमल कणकवलीला परीक्षेला गेली.